पदपथ सर्वांसाठी: कायद्याची तीस वर्षे

शहरातला पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता यावा, ही जबाबदारी भारतातील देशव्यापी कायद्यात 1995 साली लिहिली गेली. त्या वर्षी संसदेने संमत केलेला अपंग व्यक्ती कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. त्याचे 45 वे कलम रस्त्यासाठी होते. सिग्नलला आवाजाची जोड, पदपथाच्या कडेला चाकाच्या खुर्चीसाठी उतार, झेब्रा क्रॉसिंगवर आणि रेल्वे फलाटाच्या काठावर अंध व्यक्तींना जाणवतील अशा खुणा, हे सारे त्यात होते. पुढच्या कलमात सार्वजनिक इमारतींचे रॅम्प, खुर्चीसह आत जाता येईल अशी स्वच्छतागृहे आणि लिफ्टमधील ब्रेल चिन्हे आली. ही यादी आजही पुरेशी वाटावी अशी आहे. पण हे सर्व सरकारने आणि स्थानिक संस्थांनी ‘आर्थिक कुवत व विकास यांच्या मर्यादेत’ करायचे होते. त्याला ना मुदत होती, ना न करणाऱ्याला शिक्षा. या एका अटीने पुढची वीस वर्षे खाल्ली.

तंत्राची अडचण तेव्हाही नव्हती. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी अंधांसाठी तयार केलेल्या उठावाच्या फरश्या 1967 मध्येच ओकायामा शहराच्या रस्त्यावर बसल्या होत्या. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे पुढे चाला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो, हे प्रमाणही ठाऊक होते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. अशा संस्थांनी आपल्या आवारात अडथळे दूर केले, पण फाटकाबाहेरचा रस्ता त्यांच्या हातात नव्हता. तो नगरपालिकेचा होता, आणि नगरपालिकेला जाब विचारणारे कोणी नव्हते.

जाब विचारण्याची सुरुवात न्यायालयांतून आणि चळवळीतून झाली. स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे जावेद आबिदी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये निकाल दिला. त्यात अपंग प्रवाशांना विमानात चढवण्याच्या सोयीचा प्रश्न होता. जानेवारी 2001 मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठपुराव्यामुळे कुतुबमिनारसह काही स्मारकांवर तात्पुरते लाकडी रॅम्प बसले. पाहुण्यासाठी जे करता आले, ते रोजच्या नागरिकासाठी का नाही, हा प्रश्न तेव्हा देशभर पोहोचला. त्याच वर्षीच्या जनगणनेत अपंगत्वाची नोंद घेतली गेली आणि 2.19 कोटी हा आकडा पुढे आला. 2011 मध्ये तो 2.68 कोटी झाला. प्रत्यक्ष बांधकामात मोठे पाऊल दिल्ली मेट्रोने टाकले. डिसेंबर 2002 मध्ये सुरू झालेल्या या सेवेत लिफ्ट, रॅम्प आणि स्पर्शफरश्या होत्या, कारण आराखडा पक्का होण्याआधी अपंग व्यक्तींच्या संघटनांचे म्हणणे ऐकले गेले होते. नंतरच्या मेट्रोंना हा नमुना मिळाला. मात्र स्थानकाच्या दारातून बाहेर पडताच तीच फुटकी फरशी आणि तोच उंच कर्ब समोर येई.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. 2012 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने पादचारी सुविधांची सुधारित मार्गदर्शिका काढली. चालण्याची मोकळी जागा किमान 1.8 मीटर, डोक्यावर 2.2 मीटर मोकळीक, पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, अशी मापे तिने दिली. या मापांमागे साधा हिशेब आहे. चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी रुंदी हवी, आणि पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा ओळखते पण डोक्याशी लोंबणारा फलक ओळखू शकत नाही, म्हणून वरची मोकळीक हवी.

3 डिसेंबर 2015 रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले. सरकारी इमारती, विमानतळ, रेल्वे स्थानके, बस आणि संकेतस्थळे यांची उद्दिष्टे त्यात ठरली. मुदती पुढे ढकलल्या गेल्या तरी पाहणी करून त्रुटी नोंदवण्याची सवय या अभियानाने लावली, हे मान्य करायला हवे. पण त्यात मोजणीचे एकक इमारत हे होते. घरापासून त्या इमारतीपर्यंतची वाट कोणी मोजली नाही. पदपथ सलग असेल तरच उपयोगी पडतो. मध्ये एक उघडे चेंबर, एक टपरी किंवा विजेची एक डीपी आली, की खुर्चीवरील माणसाला वाहत्या रहदारीत उतरावे लागते.

2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी नाही असे ठरले, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी जून 2017 च्या नियमांपासून पाच वर्षांची मुदत मिळाली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही झाली. महाराष्ट्रात पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले. तिथे चालून पाहिले, की जागा नसते हे कारण नेहमी खरे नसते, हे पटते. मुंबईत मात्र उपाय हाच अडथळा ठरला. दुचाक्या पदपथावर चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधली फट इतकी अरुंद राहिली, की चाकाची खुर्ची आत जाईना. एका खुर्चीधारक नागरिकाच्या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये हा विषय स्वतःहून हाती घेतला.

सार्वजनिक जागा अपंग व्यक्तींना सुगम व्हाव्यात म्हणून राजीव रतुरी यांनी 2005 मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीचे निर्देश दिले, पण मोजमापे नियमांत असूनही ती मार्गदर्शक स्वरूपाचीच राहिली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने 2017 च्या नियमांमधील नियम 15 चा हा भाग मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत वेगळे काढायला सांगितले. मे 2025 मध्ये दुसऱ्या खंडपीठाने अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. पदपथ अपंग व्यक्तींना वापरता येतील असेच असले पाहिजेत, यावर त्याने भर दिला आणि राज्यांकडून याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे मागवली. आता हे निकष महापालिकांच्या निविदांमध्ये आणि रस्ता खोदण्याच्या परवान्यांच्या अटींमध्ये उतरायला हवेत, कारण नवी फरशी बसते ती तिथे लिहिलेल्या मापाने, आणि ती उखडली जाते तीही त्याच परवान्याने.