कूलर बंद पडला तर

वैशाखातली दुपार आहे असे समजा. यवतमाळात पारा ४४ अंशांवर गेलेला, घरात आजी पडून, आणि नेमका कूलर बंद पडतो. कारागीर म्हणतो, "परवा येतो." मग दोन दिवस काढायचे कसे?

घाबरू नका. कूलरचा गारवा हा खरे तर पाण्याचा गारवा. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला १ कॅलरी पुरते. तेच वाळून वाफ व्हायला सुमारे ५८० लागतात. ही उष्णता ते भोवतालातूनच ओढून घेते. माठ गार राहतो तो यामुळेच. गुरुजींनी मुलांना ओल्या बोटावर फुंकर घालायला सांगावे, म्हणजे लगेच पटेल.

वऱ्हाडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून ही युक्ती इथे चांगली साधते. वाऱ्याकडच्या खिडकीला वाळ्याची तट्टी, नाहीतर गोणपाट लावून भिजवत राहा. समोरची खिडकी मात्र थोडी उघडी ठेवा. दमट हवा कोंडली की पाणी वाळत नाही. पंखा लावाल तर अंगावर ओला पंचा घ्या. कोरड्या अंगावर ४४ अंशांचा वारा म्हणजे झळच!

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते. म्हणून आजीने मागायची वाट न पाहता थोडे थोडे पाणी देत जा. ती बरळू लागली, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ क्रमांकाला फोन करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

कारागीर परवा येईल. आजीकडे मात्र तासातासाला आपणच जायचे.