सीडी अडखळू लागली तर…

कन्हानच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, नदीकाठची वाळूही आहे. अशा ठिकाणी धूळ यंत्रात सहज शिरते. सीडी प्लेयर अडखळू लागल्यास प्रथम दोष कोठे आहे, हे ठरवावे. एकच सीडी ठरावीक जागी अडखळत असेल तर दोष बहुधा तबकडीत, आणि सर्वच सीडी अडखळत असतील तर यंत्रात समजावा.

१२० मिलिमीटर व्यासाच्या या तबकडीवरील सर्पिल मार्गाच्या दोन वेढ्यांत अवघे १.६ मायक्रॉन अंतर असते. म्हणून तबकडी मऊ सुती कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती झाकतो, तर आडवा बारीक ओरखडा यंत्र बहुधा सावरून घेते.

यंत्रातील भिंग पुसण्यापूर्वी वीजजोडणी काढावी. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने किंचित ओलावलेली कापसाची काडी त्यावरून अलगद फिरवावी व ते पूर्ण वाळू द्यावे.

छापील बाजू विशेष जपावी. परावर्तक थर तिच्या लगतच असतो. तो निघाला की तेथील ध्वनी कायमचा जातो. घरी भरलेल्या सीडीत दिवंगत आजीआजोबांचा आवाज असेल, तर ती सुरळीत चालू लागताच संगणकावर तिची प्रत काढून ठेवावी.