परदेशातलं गोदाम निवडायचं कसं? नकाशा उघडण्याआधी प्रश्न मांडा

समजा, पलूसच्या एका द्राक्ष बागायतदाराला आपला बेदाणा पाकिटांत भरून परदेशात ऑनलाइन विकायचा आहे. त्याच्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली, ऑर्डर आली की इथून पार्सल पाठवायचं. दुसरी, ऑर्डर येण्याआधीच माल जहाजानं तिकडच्या गोदामात नेऊन ठेवायचा आणि तिथून दोन-तीन दिवसांत ग्राहकाच्या दारात पोचवायचा. दुसरी वाट धरली, तर गोदाम कुठं घ्यायचं? दुबई, लंडन की न्यू जर्सी?

हा प्रश्न दिला की बहुतेक विद्यार्थी आधी नकाशा उघडतात आणि अंतरं मोजायला लागतात. त्यात चूक काही नाही. आल्फ्रेड वेबरनं १९०९ मध्ये उद्योगांच्या जागेचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून ही परंपरा आहे. पण इथं अंतर हा मुख्य मुद्दाच नाही. मुख्य मुद्दा असा: परदेशी गोदामात माल पाठवणं म्हणजे पुढे घेता येणारा निर्णय आजच घेऊन टाकणं.

अडकतो तो निर्णय

तासगाव-सांगलीच्या कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा अजून कुठंही जाऊ शकतो. भाव बघून सौद्यात काढा, दिल्लीला पाठवा, नाहीतर निर्यात करा. तोच माल ब्रिटनच्या नियमांप्रमाणे लेबल लावून तिथल्या गोदामात गेला, की हे सगळे रस्ते बंद. परत आणायचा खर्च बहुतेक वेळा मालाच्या किमतीला परवडत नाही. निर्णय शक्य तितका लांबवण्याच्या या फायद्याला शास्त्रात ‘पोस्टपोनमेंट’ म्हणतात. रो अल्डरसननं १९५० मध्ये ही कल्पना मांडली.

आपल्याकडं साठवण नवी नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायची जुनी पद्धत आहे. पण पेवातली हळद चांगल्या भावाची वाट बघते. परदेशी गोदामातलं पाकीट ग्राहकाची वाट बघतं, आणि तेही तारीख उलटायच्या आत. शिवाय ऑनलाइन विक्रीची बरीच गोदामं थंड नसतात. उष्णतेत बेदाणा काळपट पडतो. म्हणजे कोल्ड स्टोरेजमधलं आयुष्य तिकडं गृहीत धरून चालणार नाही.

किती पाठवायचा?

इथं ‘पेपरवाल्याचा प्रश्न’ कामी येतो. पेपरवाला सकाळी किती अंक घेतो? कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त घेतले तर रद्दी होते. आकडे समजण्यापुरते घेऊ. एक पाकीट विकलं तर २०० रुपये नफा. उरलं तर माल, वाहतूक, भाडं आणि विल्हेवाट धरून ३०० रुपये तोटा. सूत्र सोपं आहे:

२०० ÷ (२०० + ३००) = ०.४

म्हणजे सगळी मागणी पुरी पडण्याची शक्यता ४० टक्केच राहील, इतकाच माल पाठवायचा. मधल्या अंदाजापेक्षाही कमी! ‘स्टॉक संपता कामा नये’ हा सल्ला इथं उलटा पडतो. आता बेदाण्याऐवजी तांब्याची भांडी घ्या. उरलेलं भांडं पुढच्या वर्षी विकलं जातं, त्यामुळे तोटा फक्त ५० रुपये धरू. नफा तोच ठेवला, तर उत्तर ०.८ येतं. देश तोच, गोदाम तेच, पण माल बदलला की निर्णय बदलला.

एक गोदाम की दोन?

दोन बाजारांत मागणीचा चढउतार प्रत्येकी ३० पाकिटांचा आहे, असं धरा. दोन वेगळी गोदामं ठेवली, तर जादा साठा ३० + ३० = ६० च्या प्रमाणात लागतो. दोन्हींसाठी एकच गोदाम असेल, तर √(३०² + ३०²), म्हणजे साधारण ४२. एकीकडची कमी दुसरीकडची वाढ भरून काढते. एपननं १९७९ मध्ये हे गणितानं दाखवलं.

पण थांबा, यात एक अट लपलेली आहे: दोन्हीकडची मागणी एकमेकांपासून स्वतंत्र हवी. आपला ग्राहक परदेशातलं मराठी घर असेल, तर दिवाळी लंडनला आणि दुबईला एकदमच येते. अंदाज चुकला तर दोन्हीकडं एकाच दिशेनं चुकण्याची शक्यता जास्त, आणि मग ४२ चा आकडा ६० कडं सरकतो. गृहीतक तपासायचं म्हणतात ते हे असं.

नियम बदलला की उत्तर बदलतं

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं आयात शुल्काशिवाय जायची. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत सर्व देशांसाठी थांबली. त्याच सुमारास भारतीय टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं स्थगित केली आणि ऑक्टोबरच्या मध्यात सेवा पुन्हा सुरू केली. थेट पार्सलचा एक मोठा फायदा गेला. म्हणून लगेच गोदाम घ्यावं का? कॅलिफोर्नियात बेदाणा मुबलक पिकतो, हेही त्याच वहीत लिहा.

पैशाची बाजूही आहे. जुन्या फेमा नियमांत निर्यातीचे पैसे ९ महिन्यांत भारतात आणावे लागत. परदेशी गोदामात ठेवलेल्या मालाला मात्र १५ महिने मिळत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वसाधारण मुदतही १५ महिने झाली. गोदामातला माल थांबून राहतो हे कायद्यानंही धरलेलं होतं. तुमच्या मॉडेलनं का धरू नये? बागायतदाराचं पीककर्ज तर तेवढं थांबत नाही. त्या काळातलं व्याज हाही गोदामाचाच खर्च आहे.

सुरुवात कुठून कराल?

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीत चार ओळी लिहा. कोणता निर्णय आज घ्यायलाच हवा आणि कोणता लांबवता येतो? काय अनिश्चित आहे? अंदाज जास्त निघाला तर किती तोटा, कमी निघाला तर किती? कोणता एक आकडा बदलला तर उत्तर उलटेल? नकाशा त्यानंतर. आणि कधी कधी या चार ओळींतूनच कळतं, की पहिलं वर्ष पार्सलवरच काढावं, मागणीचे आकडे गोळा करावेत आणि मगच गोदामाचा विचार करावा. ‘आत्ता गोदाम नको’ हेही संशोधनाचं पूर्ण उत्तर असतं.