फेरफारांतून जमीन वाचताना

महाराष्ट्रात जमिनीचा हक्क एका कायद्याने मिळतो आणि त्याची नोंद दुसऱ्याच कायद्याने होते. हक्क मिळतो तो 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने किंवा वारसा कायद्याने. नोंद होते ती 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने. हक्काचा वाद दिवाणी न्यायालयात चालतो, नोंदीचा महसूल अधिकाऱ्यांपुढे. या दोहोंची गल्लत झाली की दाव्यांना तोटा नाही.

हस्तांतरणाचे नियम सरळ आहेत. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खरेदीखतानेच विकता येते. साठेखताने मालकी जात नाही; ठरलेला व्यवहार पुरा करून मागता येतो, इतकेच. कुलमुखत्यारपत्रावर जमिनी 'विकण्याचा' प्रघात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात अमान्य ठरवला. बक्षीसपत्र नोंदवावे लागते, मृत्युपत्र नोंदवलेच पाहिजे असे नाही. गहाण आणि भाडेपट्टा यांची कलमे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. मुख्य तत्त्व एकच: देणाऱ्याजवळ जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, हक्काची हमी देत नाही. म्हणून मालकी सिद्ध करायची तर दस्तांची साखळी मागे मागे तपासत जावे लागते.

ही साखळी गावच्या दप्तरात शोधायची असते. 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणी-आकारणीचे काम हाती घेतले ते सारा ठरवण्यासाठी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला तो त्यानंतर, 1903 मध्ये. दप्तर साऱ्यासाठी सुरू झाले, म्हणून सातबाऱ्याला महसुली वळण आहे. 'सातबारा म्हणजे निव्वळ साऱ्याचा कागद' असे म्हणून हात झटकणारे जाणकार संहितेचे कलम 157 विसरतात: प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरीच मानायची असते. 'सातबाऱ्यावर नाव तो मालक' असे ठासून सांगणारे त्याहून घातक. फेरफाराने, म्हणजे दप्तरातील नाव बदलण्याच्या नोंदीने, हक्क निर्माणही होत नाही आणि बुडतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सावर्णी खटल्यात स्पष्ट केले आहे.

खरा मजकूर असतो तो गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. सातबाऱ्यावर आजचे नाव दिसते. ते कसे आले, हे फेरफार सांगतो. खातेदार वारतो, वारस वर्दी देतात, तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. जुन्या नावाला कंस पडतो. पुष्कळ जुन्या फेरफारांत थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' ही अक्षरे आढळतात: एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव त्याचे, जमीन सर्व भावांची. पुढे सातबारा नव्याने लिहिताना ही तीन अक्षरे गळली, की थोरल्याची मुले स्वतःला एकटे मालक समजून विकायला निघतात. 'अ. पा. क.' असेल तर वारस अज्ञान होता आणि पालनकर्त्याने काम पाहिले. न्यायालयाच्या परवानगीविना अज्ञानाचा हिस्सा विकला गेला असेल, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत त्याला तो व्यवहार रद्द करून घेता येतो. बहिणींची नावे वारसनोंदीत आहेत आणि पुढच्या फेरफारात नाहीत, तर मधे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का हे पाहावे. साध्या जबाबाने वारस बहिणीचा हिस्सा जात नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद झाली, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा निकालाने उरलेली शंका मिटवली.

हे वाचन आता मागे पडत चालले आहे. मोडीतले फेरफार लावणारे थोडे उरले, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा क्षणात हाती येतो, आणि शोध अहवालात नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनच्या चार ओळी उतरवल्या की काम भागते. संगणकाने उतारा सोपा केला, वंशावळ नव्हे.

नोंदीनंतर बंधने. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बोजा, भोगवटादार वर्ग 2 ची अट दिसते. 1948 च्या कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणाऱ्याला मालक मानले, पण त्या जमिनीच्या विक्रीवर कलम 43 चे बंधन ठेवले. याच कायद्याचे कलम 63 परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे गुंठ्यांतले व्यवहार अडतात.

कब्जाही दुर्लक्षून चालत नाही. खऱ्या मालकाविरुद्ध उघड आणि अखंड बारा वर्षे ताबा टिकला तर मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. सरकारविरुद्ध ही मुदत तीस वर्षांची. वीस वर्षांच्या वहिवाटीने बांधावरची वाट हक्काची ठरू शकते, आणि ती अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते.

शहरात सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक येते. सदनिकाधारकांकडे करार आणि ताबा असतो, जमीन मात्र कित्येकदा मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्याच नावावर राहते. 1963 च्या सदनिका कायद्याने अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सदनिकाधारकांच्या संस्थेच्या नावे करून देणे, विकासकावर बंधनकारक केले. तो टाळतो म्हणून 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली. त्या दस्ताची नोंदणी करून पत्रकावर संस्थेचे नाव लावून घ्यावे लागते. हक्क दस्ताने येतो आणि नोंद वेगळी करावी लागते, हा नियम इथेही सुटत नाही.