बेताच्या खर्चात स्पीकरांची निवड

संवेदनशीलता : ठराविक शक्ती पुरविली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे सांगणारा हा आकडा तपशीलपत्रकात प्रथम पाहावा, कारण ८५ डेसिबलांच्या स्पीकरातून ८८ डेसिबलांच्या स्पीकराइतकाच आवाज काढावयाचा, तर त्यास दुप्पट वॅटांची शक्ती पुरवावी लागते.

रोध : अँप्लिफायर ८ ओहमांसाठी बनविलेला असल्यास, ४ ओहमांचे स्पीकर जोडण्यास निर्मात्याची अनुमती आहे की नाही, याची खातरजमा आधी करावी, अन्यथा विद्युत्प्रवाह वाढून यंत्र तापण्याचा संभव असतो.

परीक्षा : ज्या ध्वनिमुद्रणातील तंबोऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमारा आपल्या कानांस पूर्ण परिचित आहे, तेच दुकानात नेऊन निरनिराळ्या जोड्यांवर समान आवाजात ऐकावे; कारण किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर, गुणाने उणा असला तरी, प्रथमश्रवणी सरस भासतो.

मांडणी : दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, उंच स्वर काढणारा ट्वीटर कानांच्या उंचीवर असावा आणि पेट्या कोपऱ्यात ठेवू नयेत, कारण कोपऱ्यात खर्जाचे स्वर फुगून शब्द अस्पष्ट होतात.

निर्णय : मध्यम आकाराच्या खोलीसाठी, तेवढ्याच किमतीत मिळणाऱ्या अनेक पेट्यांच्या संचापेक्षा, खर्जाचे स्वर काढणारा ५ ते ६.५ इंची वूफर असलेली दोन स्पीकरांची एकच उत्तम जोडी घ्यावी आणि भक्कम स्टँडांसाठीही अंदाजपत्रकात रकमेची तजवीज ठेवावी.