दंड नंतर, आधी कंबर पाहा

आर्नोल्ड श्वार्झनेगर आणि रॉनी कोलमन यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून सरस कोण, हा वाद व्यायामशाळांमध्ये कधीच संपत नाही. बघणाऱ्याची नजर आधी दंडावर जाते. माझ्या मते ती कंबरेवर जायला हवी. सव्वाशे वर्षांत शरीरसौष्ठवाची कल्पना कशी बदलत गेली, ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोने पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयलही होते. केवळ मोठे स्नायू असून भागणार नव्हतं. अंगाचा समतोल, स्नायूंचा घट्टपणा, एकंदर आरोग्य आणि त्वचेची स्थितीसुद्धा गुणांसाठी पाहिली जात होती. सँडोपुढे आदर्श होता तो ग्रीक-रोमन पुतळ्यांचा.

तोच आदर्श स्टीव्ह रीव्ह्जच्या देहात पुन्हा दिसला. तो 1947 चा मिस्टर अमेरिका, 1950 चा मिस्टर युनिव्हर्स. रुंद खांदे, बारीक कंबर, आणि दंड, मान, पोटऱ्या यांचा घेर जवळजवळ सारखा! 1958 मध्ये डायनाबॉल हे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड अमेरिकेत विक्रीला आलं. त्यानंतरच्या शरीरांची आधीच्यांशी तुलना करताना हे साल विसरलं, तर रीव्ह्जवर अन्याय होतो.

मला सर्वांत भावतो तो फ्रँक झेन. 1968 मध्ये मायामीच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत त्याने आर्नोल्डला हरवलं, तेव्हा आर्नोल्ड त्याच्यापेक्षा जवळपास 30 किलो जड होता. पुढे 1977 ते 1979 अशी सलग तीन वर्षं झेनने शरीरसौष्ठवातला सर्वोच्च मानला जाणारा मिस्टर ऑलिम्पिया किताब जिंकला, साधारण 84 किलो वजनावर. त्याची ओळख ठरलेल्या ‘व्हॅक्यूम’ पोझमध्ये श्वास पूर्ण सोडून पोट बरगड्यांखाली ओढून घ्यायचं असतं. उड्डियान बंध करणाऱ्याला ते लगेच कळेल. पोट असं आत नेता येणं हे त्या पिढीचं वैभव होतं. स्वतः आर्नोल्डही ही पोझ सुंदर करायचा. त्याने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिलेली आहे, म्हणजे तो काळ काही औषधमुक्त नव्हता. तरीही कंबर जपली जात होती.

मग डोरियन येट्स आला. 1992 ते 1997 मिस्टर ऑलिम्पियाची सलग सहा विजेतेपदं. 1993 मध्ये जवळपास 117 किलो वजन घेऊन तो मंचावर उतरला आणि तरीही पाठीवरचा स्नायू न् स्नायू कोरल्यासारखा दिसत होता. इतका ‘मास’ म्हणजे स्नायूंचा आकार आणि इतकं ‘कटिंग’ म्हणजे रेखीवपणा एकाच अंगावर प्रेक्षकांनी पाहिलं नव्हतं. रॉनी कोलमनने त्याच्याही पुढे मजल मारली. लागोपाठ आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया, आणि 2003 मध्ये वजन सुमारे 130 किलो. झेनपेक्षा उंची दोन-तीन इंचांनी जास्त, वजन मात्र 45 किलोंहून अधिक! कोलमनची पाठ अजोड होती, हे मान्यच. पण या काळात अनेकांची पोटं पुढे येऊ लागली. ग्रोथ हार्मोन, इन्सुलिन आणि अफाट आहार यांकडे जाणकार बोट दाखवतात. सौंदर्याचं नुकसान एक वेळ सोसता येईल. 1992 मध्ये शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा स्पर्धेनंतर काही तासांतच गेला, ते कसं सोसायचं? शरीरातलं पाणी काढणाऱ्या औषधांवर त्याच्या मृत्यूचा ठपका ठेवला गेला.

अर्थात, अशा तुलनेत फोटो फसवतातही. उंची त्यात कळत नाही. 1952 मध्ये मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिला आलेला बंगालचा मनोहर आईच जेमतेम 4 फूट 11 इंचांचा होता. एकट्याचं छायाचित्र पाहून हे कोण ओळखेल?

पुन्हा कंबरेकडे येऊ. 2015 मध्ये आर्नोल्डने फुगलेल्या पोटांवर जाहीर टीका केली. पुढच्याच वर्षी ऑलिम्पियात ‘क्लासिक फिजिक’ गट सुरू झाला. त्यात उंचीनुसार वजनाला मर्यादा असते. या गटात 2019 पासून सलग सहा वेळा जिंकलेला ख्रिस बमस्टेड उंचीने रीव्ह्जइतकाच, सुमारे 6 फूट 1 इंच. दोघांच्या वजनात फार तर काही किलोंचा फरक. पण बमस्टेडच्या मांडीवर शिरा आणि रेषा उठून दिसतात, रीव्ह्जची मांडी गुळगुळीत आहे. कंबर मात्र दोघांचीही बारीक आहे, आणि बमस्टेड मंचावर व्हॅक्यूम करायचा तेव्हा सर्वाधिक टाळ्या त्या पोझलाच पडायच्या.