जनरल मोटर्स : आकड्यांवर उभी राहिलेली कंपनी

बग्गीवाला ड्यूरंट

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले फ्लिंट हे गाव मोटारींच्या आधी घोड्यांच्या बग्ग्यांसाठी प्रसिद्ध होते. तिथला तरुण विक्रेता विल्यम ड्यूरंट याने १८८६ मध्ये एका परिचिताच्या गाडीतून रपेट मारली. गाडी त्याला इतकी आवडली की कर्ज काढून त्याने ती बनवण्याचा धंदाच विकत घेतला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याची कंपनी देशातल्या मोठ्या बग्गी-उत्पादकांत जमा झाली. मोटारीचा मात्र त्याला सुरुवातीला तिटकारा होता. १९०४ मध्ये डबघाईला आलेली ब्युइक कंपनी त्याच्या हाती आली, तेव्हा त्याने तो तिटकारा गिळला आणि चारच वर्षांत ब्युइकला आघाडीवर आणले.

१६ सप्टेंबर १९०८ रोजी त्याने जनरल मोटर्स स्थापन केली. या कंपनीची स्वतःची एकही गाडी नव्हती. दुसऱ्यांच्या कंपन्या विकत घेऊन एका छत्राखाली आणणे हेच तिचे काम. ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड आणि सुट्या भागांचे कितीतरी कारखाने त्याने पाहता पाहता घेतले. १९०९ मध्ये हेन्री फोर्डही आपली कंपनी ८० लाख डॉलरला विकायला तयार होता, पण त्याला पैसे रोख हवे होते. बँकांनी ड्यूरंटला नकार दिला आणि तो सौदा फिसकटला.

१९१० मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी सावकार बँकांकडे गेली आणि ड्यूरंट बाहेर पडला. त्याने लुई शेव्हर्ले या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतपटूला बरोबर घेऊन नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर जनरल मोटर्सचे समभाग गोळा केले आणि १९१६ मध्ये तो पुन्हा मालकाच्या खुर्चीत बसला. १९२० च्या मंदीत ती खुर्ची कायमची गेली. म्हातारपणी फ्लिंटमध्ये तो बोलिंगचा अड्डा चालवत असे. १९४७ मध्ये तो वारला.

स्लोनची शिडी

ड्यूरंटने कंपन्या जमवल्या, पण त्यांची कंपनी केली आल्फ्रेड स्लोन याने. मला या साऱ्या इतिहासात हाच माणूस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एमआयटीत शिकलेला, बेअरिंग बनवणाऱ्या कारखान्यातून वर आलेला हा अभियंता १९२३ मध्ये अध्यक्ष झाला. ड्यूरंटच्या काळात कोणत्या विभागाकडे किती माल पडून आहे, कोण नफ्यात आहे, हे मुख्यालयाला धड सांगता येत नसे. स्लोनने प्रत्येक विभागाला आपापला कारभार चालवू दिला. पैशाचा हिशेब, मालाचा साठा आणि विक्रीचा अंदाज मात्र ठरलेल्या तक्त्यांमध्ये ठरलेल्या वेळी वर आलाच पाहिजे, अशी शिस्त लावली. निर्णय समित्यांमध्ये होऊ लागले. पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत जगभर हेच शिकवले गेले.

त्या वेळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक गाड्या फोर्डच्या असत. मॉडेल टी स्वस्त होती, दणकट होती आणि १९१४ नंतर बरीच वर्षे ती फक्त काळ्या रंगात मिळे. किमतीत फोर्डशी झुंजण्यात अर्थ नाही हे स्लोनने ओळखले. त्याने शिडी लावली. सर्वांत खाली शेव्हर्ले, मग ओकलंड (पुढे तिची जागा पाँटियाकने घेतली), ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि वर कॅडिलॅक. पहिली नोकरी लागलेल्या माणसाने शेव्हर्ले घ्यावी, बढती मिळाली की पुढची पायरी चढावी, आणि या सगळ्या प्रवासात त्याचे पैसे एकाच तिजोरीत यावेत. हप्त्याने गाडी देणारी कंपनी जनरल मोटर्सने १९१९ मध्येच काढली होती. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची सोय झाली. लवकर वाळणारे नवे रंग आले आणि रस्त्यावर निळ्या, हिरव्या गाड्या दिसू लागल्या.

१९२७ मध्ये हार्ली अर्ल या हॉलिवूडच्या श्रीमंतांसाठी गाड्या सजवणाऱ्या कारागिराच्या हाती रूपरेखेचा स्वतंत्र विभाग दिला गेला. तो मातीच्या प्रतिकृती घडवून गाडीचा आकार ठरवी. दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी दारात उभी असताना जुनी वाटू लागते. हे तंत्र तिथून जगभर पसरले, आणि आपण मोबाइल बदलतो त्यामागेही तेच आहे. त्याच वर्षी फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. १९३१ पासून पुढची सलग ७७ वर्षे जनरल मोटर्स जगात सर्वाधिक गाड्या विकणारी कंपनी होती.

हँडल गेले, शिसे आले

कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख होता चार्ल्स केटरिंग. पूर्वी गाडी सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले तर हात मोडे. केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि अंगात ताकद नसलेल्यांनाही गाडी चालवणे शक्य झाले.

पुढे केटरिंगच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये थॉमस मिज्ली याला आढळले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले तर इंजिनची ठोठो थांबते. शिसे विषारी आहे हे तेव्हाही माहीत होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी विक्री कायमची थांबली नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ उजाडले. तीन पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसे उतरले, त्याने झालेली हानी भरून काढता येत नाही. कंपनीच्या नावावरचा हा सर्वांत मोठा डाग आहे, आणि तिच्याविषयीच्या चर्चेत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

फ्लिंटचे चव्वेचाळीस दिवस

स्लोनच्या तक्त्यांत कामगार हा खर्चाचा एक रकाना होता. जुळणीच्या पट्ट्याचा वेग वाढवला जाई, मंदीत माणसे काढली जात, आणि कोण संघटनेची भाषा बोलतो हे कळावे म्हणून खासगी हेर नेमले जात. हा हेरगिरीचा खर्च पुढे सिनेटच्या समितीने उघडकीस आणला.

३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटच्या फिशर बॉडी कारखान्यातून पत्रा दाबण्याचे साचे बाहेर हलवले जात असल्याची बातमी पसरली. या साच्यांशिवाय गाड्यांचे सांगाडे बनणे अशक्य होते. कामगारांनी काम थांबवले आणि ते आतच बसले. बाहेर संप केला तर कंपनी दुसरी माणसे आणते. आत बसले तर यंत्रांना इजा होईल म्हणून पोलीस बिचकतात, हा त्यातला हिशेब. गाड्यांच्या गाद्यांवर ते झोपत, जागा झाडून ठेवत, आपापसांत शिस्तीचे नियम पाळत. कंपनीने ऐन थंडीत हीटर बंद केले. ११ जानेवारीला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तेव्हा आतल्यांनी पाण्याचे पाइप आणि दरवाजांच्या बिजागऱ्या यांनी प्रतिकार केला. त्यानंतर बाहेर बायकांनी पथक उभारले.

गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैन्य बोलावले खरे, पण कामगारांना हुसकावण्यासाठी ते वापरायला नकार दिला. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने संघटनेला मान्यता देणाऱ्या छोट्याशा करारावर सही केली. पुढच्या पिढीतल्या अमेरिकन कामगाराला घर, निवृत्तिवेतन आणि मुलांचे कॉलेज परवडले, त्याची सुरुवात या चव्वेचाळीस दिवसांत आहे.

देशाचे हित, कंपनीचे हित

१९५३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांची संरक्षणमंत्री म्हणून नेमणूक होत होती. देश आणि कंपनी यांच्या हितात विरोध आला तर काय कराल, असे सिनेटच्या समितीने विचारले. देशासाठी जे चांगले ते जनरल मोटर्ससाठी चांगले, आणि उलटही खरे, असे मी वर्षानुवर्षे मानत आलो, असे ते म्हणाले. लोकांच्या तोंडी त्याचा फक्त उलटा भाग राहिला. वाक्य मोडतोड होऊन पसरले तरी लोकांना ते खरे वाटले, यातच कंपनीची प्रतिमा कळते. १९५५ मध्ये एका वर्षात अब्ज डॉलरहून अधिक नफा कमावणारी ती पहिली अमेरिकन कंपनी ठरली.

दहा वर्षांनी राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले. त्याचे पहिले प्रकरण शेव्हर्लेच्या कॉर्व्हेर गाडीवर होते. इंजिन मागे असलेल्या या गाडीची मागची चाके जोरात वळण घेताना आत दुमडत आणि गाडी हातातून जाई, असा त्याचा आरोप होता. कंपनीने नेडरच्या खासगी आयुष्यात काही सापडते का हे पाहायला पुन्हा हेर लावले. ते उघड झाले आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली. पुढे नेडरला ४ लाख २५ हजार डॉलरही द्यावे लागले. १९६६ मध्येच अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. कॉर्व्हेर तिच्या काळातल्या इतर गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष १९७२ मध्ये सरकारी चाचणीने काढला, हेही इथे नोंदवायला हवे. पण लोकांच्या लक्षात चाके राहिली नाहीत, हेर राहिले.

दोरी ओढायची कोणी?

सत्तरच्या दशकात तेल महागले आणि छोट्या, टिकाऊ जपानी गाड्या आल्या. या पडझडीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. कंपनीने तो बंद केला आणि १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारीत पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच, संघटनाही तीच. पण टोयोटाच्या पद्धतीत पट्ट्याशेजारी दोरी असते. काही चुकले तर साध्या कामगारानेही ती ओढायची, मुकादम मदतीला येतो, आणि वेळेत दोष निघाला नाही तर पट्टा थांबतो. जुन्या जनरल मोटर्समध्ये पट्टा थांबवणे म्हणजे जवळजवळ गुन्हा. दोष तसाच पुढे जाई आणि शेवटी दुरुस्त होई. थोड्याच काळात फ्रीमाँटच्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. हा धडा कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांत मात्र फार सावकाश पोहोचला. वर जाणाऱ्या तक्त्यात वाईट बातमीसाठी रकाना नव्हता, असे मला वाटते.

१ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घातले. चाळीस दिवसांत नवी कंपनी बाहेर आली. स्लोनच्या शिडीतली ओल्ड्समोबिल २००४ मध्येच संपली होती, आता पाँटियाकही गेली. सरकारने २०१३ च्या अखेरीस शेवटचे समभाग विकले, तेव्हा करदात्यांचे सुमारे ११ अब्ज डॉलर बुडाले होते.

किल्लीचा खटका

जानेवारी २०१४ मध्ये मेरी बारा प्रमुख झाल्या. मोठ्या मोटार कंपनीची सूत्रे पहिल्यांदाच एका स्त्रीकडे आली होती. त्यांचे वडील पाँटियाकच्या कारखान्यात साचे बनवत. त्या स्वतः अठराव्या वर्षी तिथे लागल्या होत्या. काही आठवड्यांतच एक जुने प्रकरण बाहेर आले. शेव्हर्ले कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्यांत किल्लीचा स्विच सैल होता. जुडगा जड असला किंवा गुडघा लागला तरी किल्ली फिरे, धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि एअरबॅग उघडतच नसत. दुरुस्तीचा भाग एका डॉलरहूनही स्वस्त होता. स्विच कमजोर आहे हे अभियंत्यांना दहा वर्षांहून अधिक काळ माहीत होते. २००६ मध्ये तो गुपचूप बदललाही गेला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे नंतर तपास करणारे वर्षानुवर्षे चकले. २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

कंपनीने नेमलेल्या वकिलाच्या अहवालात दोन सवयींची नोंद आहे. बैठकीत सर्वांनी माना डोलवायच्या आणि उठल्यावर कोणीच काही करायचे नाही, ही एक. हातांची घडी घालून बोटे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडे दाखवायची, ही दुसरी. सरकारी चौकशीत तर कर्मचाऱ्यांना अहवालात टाळायला सांगितलेल्या ६९ शब्दांची यादीच सापडली. ‘दोष’ हा शब्द त्यात होता.

शिवडी आणि तळेगाव

मुंबईशी या कंपनीचे नाते जुने. १९२८ मध्ये शिवडीला तिने गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती थांबवली. नव्वदच्या दशकात गुजरातेत हालोलला ओपेल अॅस्ट्रा बनू लागली, आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावचा कारखाना उघडला. तिथली स्पार्क म्हणजे मूळची देवूची मॅटिझ; देवूचा मोटारधंदा जनरल मोटर्सने विकत घेतला होता. आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती मात्र हालोलची तवेरा. अष्टविनायक असो की लग्नाचे वऱ्हाड, टूरवाल्याच्या दारात तवेरा उभी असेच. २०१३ मध्ये कंपनीने १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. धुराच्या सरकारी चाचणीत गाड्या पास व्हाव्यात म्हणून आतल्याच लोकांनी फेरफार केल्याचे निघाले, आणि कित्येकांना नोकरीवरून काढावे लागले.

२०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली. तळेगावातून काही काळ मेक्सिकोला गाड्या जात राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्याही थांबल्या. एका चिनी कंपनीशी ठरलेला सौदा सरकारी परवानग्यांअभावी बारगळला आणि २०२३ मध्ये हुंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. या साऱ्या काळात हजाराहून अधिक कामगार, त्यातले बरेच मावळातलेच, भरपाई आणि नोकरीसाठी कोर्टाच्या तारखा मोजत होते.